टिटवीचा जन्मदिवस

"आजोबा, या वस्तूला जन्मदिवसच नाही!"

मी हे ओरडून म्हणाले तेव्हा आजोबा चष्मा पुसत होते. ही २०६६ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि सुट्टीत हरिपूरला आजोबांकडे राहायला आले होते. हरिपूर सांगलीच्या अगदी शेजारी आहे. घराच्या मागच्या खोलीत आजोबांचा संगणक होता, आणि त्या संगणकात आकाशातल्या चाळीस हजार वस्तूंची नोंदवही होती. खिडकीतून शेजारच्या शेतात उकडणाऱ्या हळदीचा वास येई; आजही तो वास आला, की मला ती खोली आठवते.

माझे आजोबा सौमित्र आरवाडे कक्षानोंद केंद्रात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले होते. कक्षा म्हणजे उपग्रह ज्या वाटेने पृथ्वीभोवती फिरतो ती वाट. कोणतं यान कधी, कुठून सुटलं, त्याचे किती तुकडे वर राहिले आणि आज ते कुठे आहेत, हे सगळं त्या केंद्रात नोंदलं जाई.

नोंदवहीत प्रत्येक वस्तूसमोर एक क्रमांक असे. आधी उड्डाणाचं साल, मग त्या सालातलं कितवं उड्डाण, आणि शेवटी एक अक्षर. '२०२७-४१-क' म्हणजे २०२७ सालच्या एकेचाळिसाव्या उड्डाणातली पहिली वस्तू. ही वस्तू म्हणजे 'टिटवी'. आजोबांनी कॉलेजात असताना पाच मित्रमैत्रिणींबरोबर बनवलेला, तेलाच्या डब्याएवढा उपग्रह. त्याच्याबद्दल बोलताना आजोबांचा आवाज मऊ व्हायचा. वर्कशॉपमध्ये पंखा नव्हता, सगळ्यांत मिळून एकच चांगला पाना होता, आणि यान सुटलं त्या दिवशी सगळ्यांनी कॉलेजच्या गच्चीवर भडंग खाल्लं होतं, हे मला पाठ झालं होतं.

त्या सकाळी केंद्राचं एक पत्र आलं होतं. अवकाशातला कचरा उचलणारं सफाईयान नऊ जूनला टिटवीला पकडून खाली आणणार होतं. ती पस्तीस वर्षं बंदच होती. टिटवीत धोक्याचं काही नाही, असं आजोबांनी सही करून कळवायचं होतं. पत्रासोबत आसपासच्या वस्तूंची यादी होती. ती वाचताना मला एक ओळ दिसली. तिथे उड्डाणाचा रकाना रिकामा होता. 'अज्ञात, प्रथम दिसली मार्च २०३२, उंची सातशे एकोणीस पूर्णांक आठ किलोमीटर.'

"ही काय आकाशातच जन्मली?" मी विचारलं.

"असं होत नाही," आजोबा म्हणाले. "वर असलेली माणसाची प्रत्येक वस्तू कधी ना कधी जमिनीवरून निघालेली असते. पण काहींचा माग हरवतो. २०३१च्या नोव्हेंबरात मोठं सौरवादळ आलं होतं."

सौरवादळ म्हणजे सूर्यावरून एकदम सुटलेला तापलेल्या कणांचा लोट. त्याने पृथ्वीचं वातावरण तापून फुगतं, एरवी जवळजवळ मोकळ्या असलेल्या उंचीवरही हवा विरळशी पोचते, आणि उपग्रहांना तिचा अडथळा होतो. सगळे थोडे खाली सरकतात. केंद्राचे रडार तेव्हा सहा दिवस बंद पडले होते. सातव्या दिवशी आकाशातल्या हजारो वस्तू पुन्हा ओळखायच्या होत्या.

"जत्रेत दिवे गेल्यावर मुलं शोधावीत तसं झालं," आजोबा म्हणाले. "टिटवी सापडली, पण बारा किलोमीटर खाली. सातशे वीसवर होती, सातशे आठवर आली. बिचारीची बॅटरी फुटली होती. स्फोटाच्या धक्क्याने ढकलली गेली."

मी यादीवर बोट फिरवत राहिले. वादळाआधीची उंची, वादळानंतरची उंची. त्या पट्ट्यातल्या वस्तू शंभर मीटर, दीडशे मीटर, फार तर दोनशे मीटर खाली आल्या होत्या. एकटी टिटवी बारा हजार मीटर.

"बॅटरी फुटलेली कुणी पाहिली?"

"पाहणार कोण? अंदाज होता."

"कुणाचा?"

"माझा," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. बॅटरी तेजस्विनी मगदूमने बनवली होती. सहा जणांतली सगळ्यात हुशार तीच. पुढे तीही केंद्रात लागली. वादळानंतर आजोबांनी अहवालात लिहिलं, 'बॅटरी फुटून उपग्रह निकामी झाला.' तेजस्विनी म्हणाली, ती खालची वस्तू आपली टिटवी नाहीच, तू चुकीची वस्तू धरलीस. आजोबा तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. नवीन नोकरी, अहवालाला एक दिवसाची मुदत. त्यांनी ऐकलं नाही. तेजस्विनीच्या नावाला स्फोटाचा डाग लागला. महिन्याभरात ती नोकरी सोडून गेली.

"मग?"

"मग काही नाही. चौतीस वर्षं झाली. जतला असते म्हणतात."

जत सांगलीहून दोन तासांवर आहे.

मी म्हटलं, "आजोबा, त्यांचं बरोबर असेल तर? टिटवी ही अज्ञातच असेल तर?"

आजोबा उठून स्वयंपाकघरात गेले आणि आजीने घारग्यांसाठी आणलेला लाल भोपळा घेऊन आले. मागून आजीचा आवाज आला, "चारच्या आत परत हवाय मला तो!"

"ही पृथ्वी," आजोबांनी भोपळा टेबलावर ठेवला. "खरी पृथ्वी इतकी चपटी नाही, पण तीही मधोमध थोडी फुगीर आहे. उपग्रह तिच्याभोवती फिरतो म्हणजे काय करतो?"

"पडतो," मी म्हणाले. हे त्यांनीच शिकवलं होतं. उपग्रह सतत खाली पडत असतो, पण इतक्या वेगाने पुढेही जात असतो, की तो पडेपर्यंत खालची गोल जमीनही तेवढीच वळलेली असते. म्हणून तो जमिनीवर कधी पोचतच नाही.

"शाबास." त्यांनी तारेचं एक कडं करून भोपळ्याभोवती तिरकं धरलं. "ही त्याची वाट. आता बघ, पृथ्वी अगदी गोल असती, तर हे कडं कायम याच दिशेला तोंड करून राहिलं असतं. पण मधला फुगवटा कड्याला जरा जास्त ओढतो. भोवरा फिरताना त्याची मान कशी सावकाश गोल डोलते? तसं हे कडंही डोलतं. तिरकेपणा तोच राहतो, पण कडं हळूहळू पश्चिमेकडे सरकतं." त्यांनी तार तशीच तिरकी धरून भोपळ्याभोवती फिरवली. "टिटवीचं कडं दिवसाला जवळपास पाच अंश सरकतं. अडीच महिन्यांत एक पूर्ण फेरी."

"आणि खालच्या वस्तूचं?"

"खाली ओढ जास्त, म्हणून थोडं जलद. बारा किलोमीटरने फरक पडतो तो अगदी किंचित. पण रोज पडतो."

मला शाळेचं मैदान आठवलं. मी आणि माझी मैत्रीण एकत्र पळायला सुरुवात करायचो. ती जराशी जलद. पहिल्या फेरीत कळायचंही नाही, दहाव्या फेरीत ती अर्धं मैदान पुढे असायची.

"म्हणजे मैदानावर पळणाऱ्या दोघी मैत्रिणी आत्ता कुठे आहेत आणि दोघींचा वेग किती, हे माहीत असेल, तर उलटं पळवून त्या कुठून निघाल्या ते काढता येईल?"

आजोबांचा हात तारेवरच थांबला. "येईल," ते म्हणाले. "यान सुटतं त्या क्षणी कड्याची दिशा ठरलेली असते, कारण उड्डाणाची जागा आणि वेळ आपल्याला माहीत असते. जी वस्तू खरी टिटवी असेल, तिचं कडं १९ फेब्रुवारी २०२७ला त्या दिशेला असायलाच हवं."

"मग तुम्ही हे आधी का नाही केलं?"

"मी उत्तर आधी लिहिलं, कृत्तिका. प्रश्न नंतर वाचायचं धाडस झालं नाही."

दोन दिवस आम्ही त्या खोलीतच होतो. २०३२पासून आजपर्यंत दोन्ही वस्तूंच्या रोजच्या नोंदी होत्या, त्यांची काळजी नव्हती. अवघड होती ती त्याआधीची पाच वर्षं. तेवढी आम्हालाच उलटी चालवायची होती. वादळाने उडवलेला गोंधळही हिशेबात धरायचा होता. मी नोंदी मोठ्याने वाचायचे, आजोबा संगणकाला भरवायचे. कंटाळा आला, की ते सांगायचे, कॉलेजात तेजू अशीच मोठ्याने आकडे वाचायची आणि मध्येच मुद्दाम चुकीचा आकडा टाकून कोण जागं आहे ते बघायची. सांगताना हसायचे आणि मग पुढचा आकडा मागायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी संगणकाने उत्तर दिलं. आधी सातशे आठवरची वस्तू, जिच्यावर टिटवीचं नाव होतं. तिचं कडं उड्डाणाच्या दिवशीच्या जागेपासून पंचेचाळीस अंश दूर. आणखी मागे नेल्यावर ते २०२५ सालच्या दुसऱ्याच एका उड्डाणाशी जुळलं. ती एका अग्निबाणाची कळशीएवढी छोटी इंधनटाकी होती. नोंदवहीत तिच्यापुढे 'वादळात हरवली' असं लिहिलं होतं.

मग अज्ञात वस्तू. कडं मागे मागे सरकत गेलं. २०३०, २०२९, २०२८. एकोणीस फेब्रुवारी, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं. उड्डाणतळावरून जाणाऱ्या रेषेत आणि त्या कड्यात अर्ध्या अंशाचाही फरक नव्हता.

मी टाळ्या वाजवल्या. आजोबा मात्र पांढरेफटक पडले होते.

"टाकी," ते म्हणाले. "तिच्यात इंधन उरलेलं असेल. सफाईयान तिला साधा डबा समजून पकडणार. टाकी फुटली तर हजारो तुकडे होतील, आणि त्या उंचीवरचे सगळे उपग्रह धोक्यात."

त्यांनी लगेच केंद्राला फोन केला. तिकडचा तरुण अधिकारी आधी म्हणाला, "सर, ती नोंद तर तुमच्याच सहीची आहे."

"हो," आजोबा म्हणाले. "म्हणूनच मी सांगतोय. माझी नोंद चुकीची आहे. लिहून पाठवतोय, त्यावरही सही माझीच असेल."

केंद्राने हिशेब तपासायला चार दिवस घेतले. पाचव्या दिवशी मोहीम पुढे ढकलल्याचं पत्र आलं. इंधन सावकाश सोडून देण्याची सोय असलेलं दुसरं यान टाकीकडे पाठवायचं ठरलं. आजीने त्या दिवशी पुन्हा घारगे केले. पण आजोबांचं खाण्यात लक्ष नव्हतं.

"उद्या जतला जायचं का?" त्यांनी मला विचारलं. जणू मीच मोठी होते.

तेजस्विनी मगदूम यांचं दुकान बसस्थानकामागे होतं. सौरपंपांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचं. पांढरे केस आखूड कापलेल्या एक बाई स्टुलावर बसून तारा जोडत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि हातातली तार खाली ठेवली.

"सौम्या," त्या म्हणाल्या. "केस गेले की रे तुझे."

आजोबांनी वाटेत बरंच काही ठरवलं होतं, मी गाडीत त्यांना पुटपुटताना ऐकलं होतं. त्यातलं काहीच त्यांना आठवलं नाही. त्यांनी नुसता दुरुस्त अहवाल पुढे केला. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'बॅटरी फुटल्याचा माझा निष्कर्ष निराधार होता. ते. मगदूम यांचं म्हणणं बरोबर होतं.'

तेजूआजींनी तो दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "बारा किलोमीटर! माझी बॅटरी काय दिवाळीतला बाण होती?" त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले. "आई वारली तेव्हाही तिला वाटत होतं, माझ्या चुकीमुळे सगळ्यांची मेहनत गेली. तिला हे वाचायला मिळायला हवं होतं."

"माझं चुकलं, तेजू," आजोबा म्हणाले.

"चुकलंच. उशीरही केलास." मग त्या माझ्याकडे वळल्या. "हे उलटं कुणी चालवून बघितलं? तू? बस इथे. चहा पितेस का अजून दूध?"

संध्याकाळपर्यंत आम्ही तिथेच होतो. एकाच पान्याची गोष्ट मी पुन्हा ऐकली, पण या वेळी वेगळी. तेजूआजींच्या म्हणण्याप्रमाणे तो पाना मुळात त्यांचाच होता.

दोन वर्षांनी सफाईयान खऱ्या टिटवीजवळ पोचलं. पकडण्याआधी त्याने फोटो पाठवले. आम्ही तिघं जतच्या दुकानात ते पाहत होतो. सौरपट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या, एक अँटेना वाकली होती. पण बॅटरीची पेटी जशीच्या तशी, चारही स्क्रू जागेवर. पेटीच्या कडेला सहा जणांनी खिळ्याने कोरलेली नावं एकेचाळीस वर्षांनीही वाचता येत होती. ती दोघं किती तरी वेळ एकेका नावावर बोट ठेवून बोलत राहिली. कोण कुठे आहे, कोण आता नाही. त्याच आठवड्यात टिटवी हिंदी महासागरावर जळून गेली, आणि तिच्या ओळीतला शेवटचा रकाना भरला.

आता मी स्वतः कक्षानोंद केंद्रात काम करते. माझ्या पहिल्याच वर्षी जतच्या शाळेतल्या मुलामुलींनी बनवलेला एक उपग्रह वर गेला. त्यांना शिकवायला दर शनिवारी दोन म्हातारी माणसं जात होती आणि मुलांपेक्षा जास्त भांडत होती. उड्डाणानंतर नव्वद मिनिटांनी उपग्रहाने पहिली फेरी पूर्ण केली. मी नोंदवहीची नवी ओळ उघडली. साल, क्रमांक, उंची, तिरकेपणा, शाळेचं नाव. पुढचे सगळे रकाने कोरे होते. ते भरायला कितीतरी वर्षं हाताशी होती, आणि जतच्या त्या वर्गातल्या चौघींनी केंद्रात यायचं आत्ताच ठरवून टाकलं होतं.