तिसरा फोर्क

इंजिन बंद होतं, तरी ट्रक गुणगुणत होता.

तिला राहवेना. मिस्त्र्याची पोर ती. आवाज कुठून येतो हे कळल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नाही. बॉनेटला कान लावला, काही नाही. चाकापाशी वाकली, काही नाही. मग मागे गेली. हौद्यात जाळी बांधलेल्या लाकडी पेट्यांची थप्पी होती. तिने वर चढून एका पेटीला कान लावला आणि...

"अहो, तिथे नको! डोकं तापलंय त्यांचं."

तिने वळून पाहिलं. एक तरुण उभा. पाठीवर पाण्याचा पंप, एक भुवई टम्म सुजलेली, आणि त्या सुजेसकट हसणारा.

"कुणाचं डोकं?"

"माशांचं. मधमाश्या आहेत."

"एवढ्या सगळ्या तुमच्या?"

"मोजून नाही घेतल्या. पण हो."

फळबागांना मोहोर आला की हा मधवाला पेट्या घेऊन बागेबागेत फिरायचा. रात्रीच निघालेला, पहाटेपर्यंत पोचायचं होतं. पण घाटाखाली गिअरची लिव्हर ढिली पडली, ती पडलीच. कुणीतरी दोर बांधून ट्रक तिच्या बाबांच्या गॅरेजपर्यंत ओढून आणला होता. आता ऊन चढत होतं. पेट्यांची दारं बंद. आत गरमी वाढली की पोळ्यातलं मेण मऊ पडतं आणि माशा गुदमरतात. संध्याकाळच्या आत बागेत पोचून दारं उघडली नाहीत तर...

तो पेट्यांवर पाणी फवारत राहिला.

"मग इथेच सोडा की थोडा वेळ," ती म्हणाली.

"सोडतो. पण मग अंधार पडेपर्यंत सगळ्या काही परत यायच्या नाहीत. आणि रस्त्यावरचा प्रत्येक माणूस सुजून घरी जाईल. माझ्यासारखा."

"तुम्हाला तुमच्याच माशा चावतात?"

"घरचीच माणसं जास्त चावतात ना?"

ती फिसकन हसली.

"हसून झालं असेल तर गिअरबॉक्स बघा!" आतून आवाज आला. बाबा. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, आणि बसायला पालथी घातलेली बादली. न्हाणीत घसरून पडले होते, पण गिऱ्हाईकांना सांगायचे, जॅक निसटला.

म्हणजे आज सगळं तिलाच करायचं होतं. आजवर शंभरदा हाताखाली राबली असेल, पण एकटीने गिअरबॉक्स कधी बंद केला नव्हता. ती केबिनमध्ये चढली, तळाचा पत्रा काढला, गिअरबॉक्सचं टॉप कव्हर उचललं. दुखणं लगेच सापडलं. कव्हरच्या खाली गिअर सरकवणारे तीन फोर्क लोंबतात, वळवलेल्या बोटांसारखे. त्यातला एक झिजून वाकला होता. बाबांच्या भंगारातून तसलाच एक धड फोर्क निघाला. तो बसवला, घासूनपुसून, तोवर दुपार झाली.

मधवाला दर थोड्या वेळाने डोकं आत घालायचा.

"हे चाक कशाचं?"

"पुढे नेतं."

"आणि हे?"

"मागे."

"आणि ही रिंग? खाच कशाला आहे तिला?"

"किती प्रश्न हो तुमचे!"

"तुम्ही सकाळपासून माशांबद्दल किती विचारलेत? मी मोजलेत."

"माशा मोजल्या नाहीत आणि प्रश्न मोजलेत?" ती म्हणाली, आणि उगाचच फडक्याने पुसलेला बोल्ट परत पुसला.

खरं कठीण काम पुढेच होतं. कव्हर परत बसवायचं. खालच्या तिन्ही रिंगा न्यूट्रलला, वरचे तिन्ही फोर्क न्यूट्रलला. मग जड कव्हर सरळ खाली सोडायचं. तिरकं नाही, घाईत नाही. तिन्ही फोर्क एकाच वेळी आपापल्या रिंगेच्या खाचेत उतरले पाहिजेत. एकाने धरायचं, दुसऱ्याने फटीतून टॉर्च मारून बघायचं. दुसरा म्हणजे बाबा. आणि बाबांना प्लॅस्टर घेऊन केबिनमध्ये चढता येईना.

"मी बघतो," मधवाला म्हणाला.

केबिन ती केवढी! दोघं गुडघ्यावर, डोक्याला डोकं लागेल एवढं अंतर. त्याच्या शर्टाला धुराचा आणि मधाचा वास. तिने कव्हर उचललं. श्वास धरला. हळूच खाली...

"पहिला बसला," तो म्हणाला.

"दुसरा?"

"बसला."

"तिसरा?"

"...बसला."

कव्हर कडेच्या कागदी पॅकिंगवर टेकलं. तिने बोल्ट आवळले, आधी हा, मग त्याच्या समोरचा, म्हणजे ताण सारखा येतो. लिव्हर बसवली. पहिला गिअर पडला. दुसरा पडला. तिसऱ्याला लिव्हर गेली खरी, पण हाताला काही लागलंच नाही. पोकळ. चौथाही तसाच. रिकाम्या डब्यात चमचा फिरवावा तसं.

मागे हौद्यातली गुणगुण आता गुणगुण राहिली नव्हती. रागीट घुरघुर झाली होती.

"तिसरा फोर्क खाचेबाहेर आहे," ती म्हणाली. आवाज कोरडा. "तुम्ही बसला म्हणालात."

त्याने टॉर्च विझवली.

"खरं सांगा. बघितलंत का?"

"नाही."

"नाही? तुमच्या माशा तिथे भाजतायत आणि नाही? मग कुठे बघत होतास तू?"

'तुम्ही'चा 'तू' कधी झाला, तिचं तिलाच कळलं नाही. त्याला मात्र कळलं. टॉर्च हातातल्या हातात फिरवत तो म्हणाला —

"कव्हर सोडताना तू जीभ दातात धरतेस. लहान मुलं चित्र रंगवताना धरतात ना, तशी. पहिल्या दोन फोर्कांपर्यंत मी नीट बघत होतो. शपथ. मग..."

केबिन एकदम फार लहान वाटायला लागली.

"काय झालं गं?" खालून बाबा.

"एक फोर्क बाहेर राहिलाय!"

"कुणाचं लक्ष कुठे होतं?"

वर दोघंही एकदम पाना शोधायला लागले. बाबा खाकरले. "कळलं. उघडा परत."

तिला राग आला होता. खरंच आला होता. त्याच्यावर, आणि त्याच्यापेक्षा स्वतःवर. बोल्ट आवळण्याआधी गिअर हलवून बघायचे असतात, हे तिला झोपेतसुद्धा माहीत होतं. मग आज का विसरली? कामाकडे न बघणारा तो एकटाच होता का?

पॅकिंग फाटलं. तिने नवं कापलं. तोवर तो पळत जाऊन पेट्यांवर पाणी मारून आला, घामाने निथळत.

"आता फक्त खाली बघायचं," ती म्हणाली.

"फक्त खाली."

"माझ्याकडे बघितलंस तर पाना घालीन डोक्यात."

"मान्य. पण जीभ आत घे."

तिने ओठ घट्ट मिटले. हसू दाबून जड कव्हर धरणं किती अवघड असतं, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

"पहिला खाचेत. दुसरा खाचेत. तिसरा... थांब, थांब. केसभर पुढे. अजून... गेला! बघितला, डोळ्यांनी बघितला!"

या वेळी तिने आधी गिअर हलवून बघितले. सगळे पडले, टक्क, टक्क, टक्क. मग बोल्ट.

बाबांनी ट्रकला एक चक्कर मारली, लेकीकडे बघितलं, त्या सुजलेल्या भुवईकडे बघितलं. "तू बागेपर्यंत जा याच्याबरोबर. वाटेत परत काही झालं तर हा काय माशांकडून बोल्ट आवळून घेणार आहे? आणि शेवटच्या बसने ये."

चढाला तिसरा गिअर टाकताना दोघांनीही श्वास धरला. पडला. वाटेत फारसं बोलणं झालं नाही. दोघांचे कान मागे, हौद्याकडे. मागचा आवाज बारीक होत चालला होता आणि ते चांगलं की वाईट, हे विचारायची तिला पहिल्यांदाच हिंमत झाली नाही.

बागेत पोचले तेव्हा ऊन कललं होतं. पांढऱ्या मोहोराखाली त्याने पेट्या मांडल्या आणि पहिलं दार उघडलं.

काहीच नाही.

त्याने पेटीला कान लावला. त्याचा चेहरा पाहून तिने नकळत त्याचा हात धरला. मग दाराशी एक माशी आली. चालत, दमलेली. पंख झाडले. तिच्यामागे दुसरी. मग धारच लागली.

"आहेत," तो पुटपुटला. "आहेत सगळ्या."

त्याने एकेक दार उघडलं. आणि तिने पाहिलं तर माशा फुलांकडे जातच नव्हत्या. तोंड पेटीकडे, आणि उडणं मागे मागे. आधी वीतभर, मग हातभर, डावीउजवीकडे झोके घेत.

"या उलट्या का उडतायत?"

"जागा नवीन आहे ना. आधी घर नीट बघून घेतात. पाठ करतात. मग कितीही लांब गेल्या तरी परत येता येतं."

ती बराच वेळ बघत राहिली. लांब रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला.

"थांब," ती म्हणाली. "हलू नकोस."

आणि ती मागे मागे चालायला लागली. तोंड त्याच्याकडे. एक पाऊल डावीकडे, एक उजवीकडे. सुजलेली भुवई, धुराचा शर्ट, मागची पांढरी झाडं, सगळं एकेक करून बघत.

"हे काय चाललंय?" त्याने विचारलं.

"पाठ करतेय. परत येताना चुकायला नको."

एक माशी येऊन त्याच्या नाकावर बसली. पण पठ्ठ्या काही हलला नाही.