पत्र चौथ्या दिवशी आलं

माझ्या मृणालिनी आत्याला भुताखेतांच्या गोष्टींचा कंटाळा आहे. जिवंत माणसंच पुरे झाली, म्हणते. तरी हे तिच्यासोबत घडलंय, आणि तिच्या तोंडून काढायला मला चार वर्षं लागली. त्यात मी पदरचं काही घातलेलं नाही.

रात्र नव्हती. २००५ चा एप्रिल, भर दुपारचे तीन. जागा... भाईंदरजवळचं मुर्धा गाव.

आत्या तेव्हा पेणकरपाड्याला राहायची. राज्यातल्या फाशीच्या शिक्षेचा अभ्यास करून सरकारला सुधारणा सुचवायच्या, म्हणून काही निवृत्त न्यायाधीशांनी एक खाजगी समिती केली होती. फाशी झालेल्यांच्या घरी जाऊन फॉर्म भरायचं काम आत्याकडे. दोन वर्षं तेच. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी रडणं. ती पार विटली होती.

अहवालात तिला एकच कलम हवं होतं. फाशीची तारीख घरच्यांना आधी कळवा, शेवटची भेट होऊ द्या. समिती म्हणाली, पत्रं वेळेवर पोचत नाहीत याला पुरावा काय? सोमवारपर्यंत आणा, नाहीतर कलम काढून टाकू.

तो पुरावा मुर्ध्याला पुंडलिककाकांकडे होता.

काका पूर्वी मिठागरात कामाला. त्यांच्या मुलाला, ईश्वरला, बारा वर्षांपूर्वी फाशी झाली. तुरुंगाचं पत्र घरी पोचलं ते फाशीनंतर चौथ्या दिवशी. पाकिटावर पोचल्याच्या तारखेचा पोस्टाचा शिक्का होता.

"पाकीट मिळेल का, काका?"

"आता न्हाय. तीन वाजले. तो येल."

"कोण?"

काकांनी फाटकाकडे पाहिलं.

बाजूला बिल्डिंगचं काम चाललं होतं. मशिनचा दणका सारखा कानात...

दणका थांबला.

अंगणात बोंबील सुकत घातले होते. त्यांच्यावर मघापासून कावळे टपून होते...

एकही उरला नाही.

मग फाटकाची कडी वाजली.

आत्याने वळून पाहिलं. फाटक उघडलं होतं. कोणी नव्हतं.

ओटीवर समोर प्लॅस्टिकची रिकामी खुर्ची होती. ती हळूच करकरली... तिचे पाय थोडे फाकले. कोणी दमून टेकावं तसे.

आत्या घाबरली, जाम घाबरली. पण उठून पळायचंही तिच्यात त्राण नव्हतं.

"तो आयला," काका म्हणाले. "रोज येतो. रोज इचारतो, बाबा, मला भेटायला का न्हाय आलात? मी सांगतो, पत्र उशिरा आयलं. त्याला पटत न्हाय. त्याला वाचाया येत नव्हतं, मॅडम. तुमी वाचून दाखवा. शिकलेल्या मानसाचं ऐकंल तो."

आत्याने पाकीट घेतलं. आतल्या पत्रातली फाशीची तारीख मोठ्याने वाचली. शिक्क्यावरची तारीख वाचली. मग त्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "ईश्वर, यांना कोणी कळवलंच नव्हतं रे. कळलं असतं तर धावत आले असते."



मग खुर्ची पुन्हा करकरली. पाय सरळ झाले.

फाटकाची कडी बाहेरून लागली.

आणि मशिन सुरू झालं.

काका ढसाढसा रडले. पाकीट त्यांनी स्वतःच्या हाताने आत्याच्या पिशवीत घातलं. सोमवारी समितीने ते पाहिलं. कलम राहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा आत्या आठ तास गाढ झोपली.

तीन आठवड्यांनी फोन आला.

"मॅडम, ईश्वर येत न्हाय."

"बरं झालं ना, काका. सुटला तो."



"रोज दोन कप चा ठेवतो. येतच न्हाय. तुमी परत या. त्याला सांगा, पत्र येळेवर आयलं होतं, बापच आला न्हाय." काकांचा आवाज फुटला. "रागानं तरी येल वो."

आत्या दुसऱ्या दिवशी मुर्ध्याला गेली. एवढं कबूल करते. तिथे ती काय बोलली, ते मात्र सांगत नाही. विचारलं की चष्मा पुसत बसते.

काकांचा फोन पुन्हा कधी आला नाही... म्हणजे ईश्वर पुन्हा येत असणार, रागाने. मला त्याचंच भय वाटतं.