नळावरचे तीन ठोके

गाडीत झोपायला आलात ना बंदरावर? मग पाय आत घ्या आणि गप ऐका. ते मोबाईल आधी उलटे ठेवा. भूकंपाचा पुढचा धक्का काही त्यांना विचारून यायचा नाही.

भूत-बीत काही नसतं म्हणणारे इथे दिवसा पायलीला पन्नास मिळतात. रात्री एक सापडत नाही. मी सांगतो ते ज्याच्यावर गुदरलं त्याच्याच तोंडचं आहे. सोस्सिओ इलियानो. नळकाम करायचा. माझ्या घरचा बंब त्यानेच बसवला, अजून गळतो. कामात कच्चा असेल, पण खोटं बोलणारा माणूस नव्हे.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. पंधरा तारीख, शनिवार. रात्रीचे साडेआठ. सोस्सिओ औषधाच्या दुकानाकडे निघाला होता, बायकोच्या गोळ्या संपल्या होत्या म्हणून. कान्दिदा त्याची बायको. दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. पाय गेला, हात गेला, जीभ मात्र शाबूत राहिली, उलट जास्तच धारदार झाली.

खाली दारात तळमजल्यावरची तितीना गाडीत गाद्या कोंबत होती.

"काका, तुमचं पीप काय म्हणतंय आज?"

"बेचाळीस धक्के. सकाळपासून."

"बेचाळीस म्हणजे बरं की वाईट?"

"बेचाळीस म्हणजे बेचाळीस."

"अगदी प्रोफेसर हो! लोकांचे जीव टांगणीला आणि हे पाढे म्हणतायत. काकूंना आणा खाली. पुढची सीट आडवी पाडून देते."

"आडवी पडली की तिला दम लागतो."

"मग बसूनच राहू दे. पण आणा." तितीना जरा घुटमळली. मग हळूच म्हणाली, "आणि एक सांगू? ते ठोकणं बंद करा. दुपारपासून एक धक्का नाही आणि तुमचे आपले ठोके चालूच. मांजर पलंगाखालून निघायला तयार नाही."

"मी नाही ठोकलं."

"मग कोणी? तिसरा मजला रिकामा. चौथ्याला तर पालिकेनं पट्टी लावलीय."

तितीनाने अभद्र टळावं म्हणून खिशातल्या खिशात दोन बोटांची शिंगं केली, नवऱ्याला हाक मारली आणि गाडी निघून गेली. अख्ख्या इमारतीत आता दोनच माणसं उरली.

ते पीप म्हणजे सोस्सिओचं यंत्र. शाळेत तो माझ्याइतकाच गेलेला, म्हणजे नाहीच. पण आमचं गाव पडलं झोपलेल्या ज्वालामुखीच्या जबड्यात. जमीन फुगते, धक्के येतात, एकदा सुरू झाले की मुंग्यांसारखे रांगेनं येतात. सरकारी आकडा येईपर्यंत माणूस तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर पोचलेला असतो, जिन्यानं नाहीतर जिन्यासकट. म्हणून सोस्सिओने तळघरातल्या खडकात जमिनीचे हादरे टिपणारी एक जुनी डबी बसवली. तिची तार दुसऱ्या मजल्यावर स्वयंपाकघरात आणली. तिथे धुलाईयंत्राचं पीप सावकाश फिरायचं, त्यावर कागद, कागदावर सुई. कान्दिदा त्याला सवत म्हणायची. पण त्या कागदावर सोस्सिओ सगळं ओळखायचा. ही कुमाना आगगाडी गेली. हा ट्रक. हा धक्का, उथळ. आणि हे तीन बारीक दाते म्हणजे नळ.

नळाचं तुम्हाला माहीत आहेच. धक्का थांबला की आपण पाण्याच्या नळावर तीन ठोके मारतो. मी ठीक. वरचे मारतात, खालचे उत्तर देतात. फोन लागत नाही तेव्हा नळ लागतो.

तर त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात, अशाच एका रात्री, चौथ्या मजल्यावरून तीन ठोके आले. वर प्रोकोलो राहायचा. एकटा. जाळी विणायचा. सोस्सिओने खालून तीन ठोके दिले आणि कागदावर लिहिलं, 'प्रोकोलो, ठीक.' थोड्या वेळानं परत ठोके. परत उत्तर. परत लिहिलं. रात्रभर तेच. तीनच्या सुमारास कान्दिदा म्हणाली, "आज प्रोकोलो फारच ठीक आहे." दोघं हसली. सोस्सिओने एकदा पायात बूट चढवले होते, वर जाऊन बघावं म्हणून. मग काढले.

सकाळी दार फोडलं. कपाट अंगावर पडलेलं. हातात पळी. नळाला पळीनं पोचे पडले होते.

कागदावर एकतीस वेळा लिहिलं होतं, 'ठीक.'

असो. गोळ्या घेऊन सोस्सिओ नऊला घरी आला. कान्दिदाने सूप खाल्लं, त्याला मीठ कमी म्हणून शिव्या घातल्या, झोपली. तो पिपासमोर बसला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी नळ वाजला.

तीन.

सुई हलली. तीन बारीक दाते. आधी धक्का नाही, नंतर नाही. तितीना म्हणत होती ते हेच. त्याला वाटलं, इशारा आहे. मोठा धक्का येणाराय. प्रोकोलो सांगतोय. त्याने कान्दिदाला उठवलं, घोंगडीत गुंडाळलं, पाठीवर घेतलं. चव्वेचाळीस पायऱ्या. त्यानं वयाची सत्तरी गाठलेली. दर वळणावर थांबला, भिंतीला टेकला, दम खाल्ला. खाली रस्त्यावर खुर्चीत बसवलं. थंडी अशी की दात वाजत होते. गंधकाचा वास. तासभर बसले.

काही झालं नाही.

परत वर. एक वाजता परत ठोके. परत खाली. परत काही नाही. या खेपेला वर आणली तेव्हा तिचे ओठ जांभळे पडले होते. श्वास शिट्टीसारखा वाजत होता.

"सोस्सिओ," ती म्हणाली, "आता तिसऱ्यांदा उचललंस तर धक्क्याची वाट बघायला नको. मी जिन्यातच जाते."

"मी माणसं बोलावतो. चारचाकी आणतील, डॉक्टर आणतील."

"बोलाव."

त्याने मदतीच्या सरकारी नंबरावर फोन केला. बाई म्हणाली, इमारतीला तडे असतील तर बाहेर थांबा. त्याने सांगितलं, बाहेर थांबली तर मरते. बाई म्हणाली, मग आत थांबा. त्यानं तितीनाला लावला. बंद. भावाला लावला. वाजत राहिला, वाजत राहिला... कोणी उचलला नाही.

खाली नेली तर थंडीनं मरणार. वर ठेवली तर छतानं. आणि कधी, ते सांगणार एक पीप. सोस्सिओने पिपावर हात जोडले. हसू नका. तुम्हीही जोडाल.

दोन वाजून पाच मिनिटं.

तीन ठोके. थांबले. परत तीन. परत. मग दोनच. मग एक... मग बराच वेळ काही नाही. मग तीन.

आता सुई थांबेचना. सोस्सिओ बघत राहिला. ही चाल त्यानं पाहिली होती. त्याने कपाटातून ती उन्हाळ्यातली गुंडाळी काढली. टेबलावर पसरली. शेजारी आजचा कागद.

दात्याला दाता जुळला. मधल्या जागा तेवढ्याच. जिथे तेव्हा दोन, तिथे आज दोन. जिथे तेव्हा एकच, दमून मारल्यासारखा, तिथे आजही एकच. फरक एवढाच की जुन्या कागदावर प्रत्येक दात्याशेजारी त्याच्या हाताने लिहिलेलं होतं, ठीक. ठीक. ठीक.

तो इशारा नव्हताच. तेव्हा 'मी ठीक'चा निरोप नव्हता, तसा आज इशारा नव्हता.

तो बोलावत होता.

सोस्सिओ खोलीत आला. कान्दिदा जागीच होती.

"प्रोकोलो ना?" ती म्हणाली.

"हो."

"जा वर."

"तुला टाकून? वेड लागलंय? आणि मधेच धक्का आला तर?"

"मी कुठे पळून जाणाराय? जा."

"कान्दिदा, तो मेलाय."

"म्हणून काय झालं? त्या रात्री तू बूट घातले होतेस. काढ म्हटलं ते मीच. माझ्याजवळ बस म्हटलं." तिचा चांगला हात चादर चुरगाळत होता. "मला हे घेऊन नाही मरायचं. जा, गाढवा. पाया पडते."

पन्नास वर्षांच्या संसारात बाई पहिल्यांदा पाया पडत होती.

तो गेला.

जिन्यात दिवा होता. तिसरा मजला. ठोके चालू. कठड्यातून हाताला लागत होते. चौथा मजला. दार. पालिकेची पट्टी. त्यानं ती ओढली. खांदा लावला. दार सहज उघडलं.

आत अंधार. ओलीचा वास. कोपऱ्यात नळ.

वाजत होता.

सोस्सिओने टॉर्च मारली. नळाजवळ कोणी नाही. नुसता नळ. आणि ठोका. आणि नळ थरथरला. त्यानं पुढे होऊन हात ठेवला. बर्फ.

तळव्याखाली ठोका बसला.

एक.

"प्रोकोलो..."

दोन.

"आलो रे. आलो मी. उशीर..."

त्याने दुसराही हात नळावर ठेवला.

तिसरा ठोका आला नाही.

शांत. इतकं शांत की दोन मजले खालच्या पिपाची घरघर ऐकू यावी.

आणि मग जमिनीखालून तो आवाज आला. तोफेसारखा.

घर उचललं गेलं. सोडलं. परत उचललं. दिवे गेले. भिंत तडकली. सोस्सिओ आडवा पडला. सहा सेकंद. मला म्हणाला, तेवढ्यात मी सगळं आयुष्य दोनदा मोजलं.

थांबलं.

"कान्दिदा!"

उठला. पळाला. जिन्यात चुन्याचा धुरळा, टॉर्चचा उजेड पुढं जाईना. तिसरा मजला. दुसरा. घराचं दार चौकटीत आवळलेलं. लाथ मारली. दुसरी मारली. आत शिरला.

खोलीचं छत पलंगावर होतं.

अख्खं. तुळईसकट.

मग तो माणूस माणूस राहिला नाही. हातांनी उपसायला लागला. वीट. चुना. लोखंड. नखं गेली. ओरडत होता, रडत होता, शिव्या देत होता. तिला, प्रोकोलोला, स्वतःला. "मी गेलो कशाला... मी गेलो कशाला..." उशी लागली. चादर लागली. चादरीखाली हात घातला.

गादी.

आणखी उपसलं. गादीच. इकडून तिकडे.

कोणी नाही.

तो तसाच गुडघ्यावर राहिला. आणि जिन्याच्या तळातून, धुरळ्यातून, आवाज आला.

"सोस्सिओ! अरे मेल्या! घोंगडी आणलीस, चप्पल कुठाय?"

कान्दिदा शेवटच्या पायरीवर बसली होती. दाराच्या कमानीखाली, जिथे भिंत दोन हात जाड आहे, तिथे. घोंगडीत नीट गुंडाळलेली, जशी लहान मुलाला गुंडाळतात. ओरखडा नाही.

तो तिच्या अंगावर कोसळला. ती त्याच्या डोक्यावरचा चुना झटकत राहिली.

"तुला... तुला कोणी..."

"कोणी म्हणजे? तूच तर आलास. वरचे ठोके थांबले आणि लगेच दारात. बोलला नाहीस, दिवा लावला नाहीस. उचललंस आणि निघालास." ती थांबली. त्याच्याकडे बघायला लागली. हातांकडे, रक्ताकडे. "एकदाही दम खायला थांबला नाहीस, सोस्सिओ... आणि हात किती गार होते तुझे."

उजाडेपर्यंत दोघं तिथेच, एका घोंगडीत.

सहाला अग्निशामकवाले आले. त्यांच्यातला एक दांडगा, तरणा गडी टॉर्च घेऊन जिना तपासायला वर गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा चेहरा उतरलेला.

"काका, वर आणखी कोण राहतं?"

"कोणी नाही."

"असं कसं? या, बघा की."

त्यानं उजेड पायऱ्यांवर पाडला. रात्रीच्या धक्क्यानं जिनाभर बोटभर चुना बसला होता. त्यात सोस्सिओच्या बुटांचे ठसे दिसत होते, वरून खाली आलेले. आणि त्यांच्यावरून, कान्दिदाच्या पायरीपासून निघून, अनवाणी पावलं वर गेली होती. धुरळा बसल्यावरची. स्वच्छ. पाचही बोटं उमटलेली.

"मी मागोमाग गेलो," तो गडी म्हणाला. "दुसऱ्या मजल्याला वळली नाहीत, तिसऱ्याला नाही. चौथ्यावर दारातून आत गेलीत. नळापर्यंत. तिथे दोन्ही पावलं जोडून, बोटं भिंतीकडे." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "खाली येणारी नाहीत, काका. मी चारदा बघितलं. आणि वर माणूस नाही."