बोयातली ठकठक

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण यात एक अक्षर पदरचं नाही. वाल्मिककाकांनी हे स्वतः भोगलंय. १९९१चा मार्च, सिल्वासाजवळचं नरोली आणि वेळ भर दिवसाची. भुतं रात्रीच येतात हे कुणी सांगितलं हो?

तिथल्या एका शेडमध्ये समुद्रात तरंगणारे मोठाले लोखंडी बोये रंगवायला यायचे. खारं पाणी लोखंड खातं, म्हणून आतूनही जाड रंग द्यायचा. त्याचा वास डोक्यात चढायचा. म्हणून एक माणूस आत, एक बाहेर. बाहेरच्यानं दर पाव तासाला पान्यानं एकदा ठोकायचं, आतल्यानं आपल्या पान्यानं दोनदा.

त्या दिवशी आत उतरला सुकदेव. काकांच्या धाकट्या बहिणीचा, चिमाबाईचा नवरा. शिरपूरहून काकांनीच त्याला कामाला आणलेला.

"दाजी, चक्कर आली तर सरळ वर या."

"तुम्ही चहा प्या हो!" सुकदेव हसला.

नऊ वाजले होते. शेजारी लोखंडावर वाळूचा मारा सुरू झाला.

"ढक दो! गीले रंग पे धूल बैठेगी!" मुकादम ओरडला.

काकांनी बोयाच्या तोंडावर ताडपत्री ओढली.

चुकलं ते इथंच.

ठक.

...ठक, ठक.

सव्वानऊ, साडेनऊ, दहा. उत्तर चोख. काका निर्धास्त.

बाराला मात्र काकांनी पाना उचलला आणि ठोकायच्या आधीच...

ठक, ठक.

"भूक लागली वाटतं दाजींना," काका हसले.

एकला जेवायची शिट्टी झाली. काकांनी ठोकलं, लगेच उत्तर आलं. त्यांनी ताडपत्री काढली.

"चला दाजी, भाकरी खाऊ."

आत चिडीचूप.

सुकदेव शिडीखाली पडला होता. अंग ताठ. भिंतीवर जेमतेम हातभर रंग. आणि बादली...

तो रंग कालवला की दोन तासांत दगड होतो. बादली जवळजवळ भरलेली, दगड झालेली. त्यात ब्रश रुतलेला. आणि त्याच्या शेजारी, अर्धा बुडालेला... सुकदेवचा पाना.

मग इतके तास ठोकत कोण होतं?

दहाव्याला चिमाबाईनं विचारलं, "दादा, तू ठोकत व्हता ना?"

"हो गं."

"मग उत्तर नाही आलं तव्हा काढलं का नाही त्यांना?"

"आलं होतं, चिमे..."

ती उठून आत गेली. त्यानंतर ती भावाशी कधीच बोलली नाही.

मी एकदाच धीर करून विचारलं, "काका, कोण असेल हो ते?"

काका म्हणाले,

"कोणी का असेना. ते गप्प बसलं असतं, तर मी सव्वानऊलाच ताडपत्री काढली असती."