बंद मशीन जागा खातंय

विश्वास ठेवा, असा आग्रह मी कुठल्या तोंडाने करू? मला स्वतःलाच ते धड उमगलेलं नाही. पण माझा भाचा थापा मारणाऱ्यातला नव्हे, आणि हे त्याच्याच बाबतीत घडलंय. रविवारची भर दुपार. हॉस्पिटलच्या तळघरातली सर्व्हर रूम. आत तो एकटा.

हॉस्पिटलची सगळी मशीनं, म्हणजे आभासी कॉम्प्युटर, तिथे डेटाच्या एकाच मोठ्या साठ्यावर चालतात. प्रत्येकाला जागा कबूल केलेली भरपूर, हातात दिलेली लागेल तेवढीच. साठा भरला, की सगळी एकदम ठप्प.

आणि त्या दुपारी साठा भरत चालला होता...

जागा खात होता एक स्नॅपशॉट. मशीनची, आहे त्या क्षणाची जपून ठेवलेली प्रत. मशीनने नवं काही लिहिलं, तरच ती वाढते.

काकांच्या मशीनची.

काका म्हणजे तिथले जुने सहकारी; त्यांनीच भाच्याला हे काम शिकवलं. कुठल्याही बदलाआधी ते स्नॅपशॉट घेत, काम झालं की पुसून टाकत. शेवटचा पुसायचा राहिला. काम अर्धवट असतानाच ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले.

तेव्हापासून ते मशीन बंद होतं.

त्याने त्याच्या वरिष्ठ मॅडमना फोन लावला.

"बंद मशीन काय लिहिणार, कप्पाळ? झोप झालीये ना तुझी?"

"मॅडम, माझ्या डोळ्यांदेखत वाढतोय."

तेवढ्यात...

टक... टक-टक... टक.

दोन बोटांचं टायपिंग. काकांचं असायचं तसं. आवाज त्यांच्याच टेबलावरून येत होता.

टेबलावर कीबोर्ड नव्हता.

"मॅडम... काका काहीतरी लिहितायत. उघडून बघू?"

"वेड लागलंय का? तोवर साठा भरला, तर आयसीयूत कुणाला कुठलं औषध द्यायचं, तेच दिसायचं बंद होईल. पूस आधी!"

उघडून वाचायला वेळ नव्हताच.

"काका, माफ करा हो," म्हणत त्याने बटण दाबलं.

टक-टक... टकटकटक... आवाज घाईला आला. गाडी सुटताना कुणी उरलेलं बोलणं उरकावं, तसा.

मग थांबला.

साठा मोकळा झाला. वर कुणाला पत्ताही लागला नाही.

"शाब्बास," मॅडम म्हणाल्या. मग फोन ठेवता ठेवता, "मघापासून टायपिंग कोण करत होतं रे?"

आता त्याने त्या मशीनचा नवा स्नॅपशॉट घेऊन ठेवलाय. त्याच्यासाठी खरीखुरी जागा राखलीये. रोज जाऊन बघतो.

"मामा, काही उमटलं तर माझी पाचावर धारण बसेल," परवा तो म्हणाला. "पण ते काहीच लिहीत नाहीयेत हो..."