आतून फुटलेली काच

विमा कंपनीसाठी उभा जन्म ठोकलेल्या गाड्या तपासल्या, की माणसाला निसर्गसुद्धा नुकसानभरपाईला आल्यासारखा दिसू लागतो. बायको दरीतलं धुकं पाहत होती. सर्व्हेअरसाहेब वळणावरचा वाकलेला कठडा.

“उतारावर ब्रेक गेले असणार.”

“अहो, निवृत्त झालात ना? डोंगर बघा! आणि दाणे त्या चांदी भरलेल्या दाढेने चावू नका.”

चहा पिऊन परतले, तर गाडीचा पुढचा दिवा फुटलेला.

“कुठे फुटलाय? चष्मा पुसा.”

साहेबांनी दिव्यावर हात फिरवला. बोटातून रक्त आलं. ते रक्त तिलाही दिसलं. तिने रुमाल बांधून दिला. फुटकी काच मात्र तिला दिसेना.

धबधब्यापाशी थांबले, तेव्हा बॉनेटची पार घडी झाली होती. कडेला रक्त चिकटलेलं, केसांसकट. साहेबांनी हात लावला. ऊबदार होतं. बायकोने तिथेच पर्स ठेवून वेणी नीट केली.

घाटमाथ्यावर गाडीकडे परतताना त्यांनी लांबूनच पाहिलं. पुढची काच फुटली होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी. तिच्या सीटसमोर. आणि फुगली होती बाहेरच्या बाजूला.

बाहेर फुगलेली काच म्हणजे मार आतून. डोक्याचा. शेजारी बसणाऱ्याच्या. असे अहवाल त्यांनी चहा पीत पीत लिहिले होते. आज ते तिच्या बाजूच्या दाराला पाठ लावून उभे राहिले.

“तू मागे बस.”

“मागे मला मळमळतं, माहितीये ना?”

“मग... तू चालव.”

संसारात पहिल्यांदाच त्यांनी तिच्या हाती स्टिअरिंग दिलं होतं. ती लहान मुलीसारखी हसली. “दृष्ट काढायला हवी तुमची!”

साहेब तिच्या सीटवर बसले. पट्टा ओढला. हुश्श केलं. बायको वाचली.

उतार सुरू झाला.

समोरची फुगलेली काच त्यांच्या कपाळाच्या बरोब्बर उंचीला होती. तिच्या कपाळाला ती वीतभर वर पडली असती. हे आधी मोजायचं राहिलंच.

“गाडी थांबव.”

“थांबवतेच आहे. अहो, ब्रेक असा मऊ का लागतोय?”

वळणापलीकडे ट्रकचा हॉर्न वाजला.

साहेबांनी पट्ट्याचं बटण दाबलं. सुटेना. पायाशी काहीतरी टचकन लागलं. उचललं.

दाढ होती. मुळासकट, ओली. चांदी भरलेली.

जीभ आपोआप मागे गेली.

त्यांची दाढ जागेवर होती. फक्त हलायला लागली होती.