मागायचं एकदाच

के. आर. पुरममधल्या त्या चर्चमध्ये रविवारी तीन भाषांत उपासना होत. सकाळी सातला तमिळ, दहाला कन्नड. मराठी मंडळीला चर्चमागचा हॉल मिळे, दुपारी अडीच ते साडेचार. अकरा घरं, तीसेक माणसं, बहुतेक बेळगाव-निपाणीकडची. पाळक तीन महिन्यांतून एकदा येत. एरवी उपासना आणि शास्त्राभ्यास दयानंद समुद्रे चालवी. हॉलच्या कागदावर जबाबदार म्हणून सहीही त्याचीच होती.

दयानंद बेचाळीस वर्षांचा. महादेवपुऱ्यातल्या एका कारखान्यात यंत्राचे सुटे भाग तपासायचं त्याचं काम. मापात बसेल त्यावर हिरवी खूण, न बसेल त्यावर तांबडी. मंडळीतही त्याला असा चोखपणा लागे. दोन वर्षांपूर्वी त्याने प्रार्थनेची वही सुरू केली. तीन रकाने: मागितल्याची तारीख, विषय, मिळाल्याची तारीख. मागच्या वर्षी त्याने आणखी एक नियम घातला. जे मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा, असं प्रभू सांगतो. मग तिसरा रकाना रिकामा का सोडायचा? मागतानाच भरा. आणि मागायचं एकदाच. पुन्हा पुन्हा मागणं म्हणजे देवाने पहिल्यांदा ऐकलं नाही असं म्हणणं. त्यानंतर फक्त आभार.

बऱ्याच जणांचा हात तिसऱ्या रकान्यापाशी अडखळे. ठकुबाईंचा अडखळला नाही. त्या अठ्ठ्याहत्तरच्या, सरकारी दवाखान्यातून सुईण म्हणून निवृत्त झालेल्या. वही त्यांच्याच पिशवीत असे.

चार मेच्या रविवारी शास्त्राभ्यास पौलाच्या समुद्रप्रवासावर होता. वादळ उठलेलं, खलाशी गुपचूप होडी पाण्यात सोडून पळायच्या बेतात, आणि पौल म्हणतो, हे तारवात राहिले नाहीत तर कोणीच वाचणार नाही. मग शिपाई होडीचे दोर कापून टाकतात. प्रश्नोत्तरं झाल्यावर दयानंदने घसा साफ केला आणि सांगितलं की तो एकतीस मेला मिरजेला जातोय, कायमचा. बायको प्रियदर्शनी तिथल्या नर्सिंग कॉलेजात एप्रिलमध्येच रुजू झाली होती. मुलगी भव्या तिच्याजवळ होती. त्याने राजीनामा दिला होता.



"अध्याय बघून तरी दिवस निवडायचा, भाऊ," सूर्यकांत म्हणाला. तो रिक्षा चालवी आणि मंडळीत पेटी वाजवी. दोघं-तिघं हसले.

"तारीख काय म्हणालास?" ठकुबाईंनी विचारलं.

"एकतीस."

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि वही उघडली. प्रवासासाठी मागत असतील, असं दयानंदला वाटलं. त्याने खुर्च्या आवरायला घेतल्या.

तीस तारखेला त्याची गाडी रद्द झाल्याचा निरोप फोनवर आला. रुळांचं काम. घर रिकामं करून दिलेलं होतं, सामान पुढे गेलेलं. हॉलमागच्या खोलीत त्याने सतरंजी टाकली. एका आठवड्याचा तर प्रश्न होता.

सात जूनला तो बसमध्ये बसला. तुमकूर रस्त्यावर एक लॉरी आडवी झाली होती. सहा तास बस जागची हलली नाही, मग मागे फिरली. चौदा तारखेला, निघायच्या दोन तास आधी, त्याचा पाय मोरीत घसरला. घोटा सुजला. डॉक्टरांनी पंधरा दिवस प्रवास नको म्हणून सांगितलं.

तिन्ही गोष्टी घडण्यासारख्याच होत्या. त्याने तारखा एका कागदावर मांडून पाहिल्या, पण त्यातून काही निघत नव्हतं. कागद त्याने फाडून टाकला.

मंडळीतली माणसं आळीपाळीने डबा आणत. खोलीत कोणी खाट आणून ठेवली, कोणी कपड्यांची दोरी बांधली. प्रियदर्शनी रोज सकाळी फोन करी. "अहो, भव्या विचारते, पप्पांचं ताट वाढायचं का म्हणून." आधी ती हसत विचारी. नंतर नुसतंच विचारी.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपकारस्तुती असे. वहीतल्या मिळालेल्या गोष्टी कोणीतरी मोठ्याने वाचायच्या. मेमधल्या त्या रविवारी दयानंद सामान पाठवण्यात गुंतला होता. एकोणतीस जूनला ठकुबाईंचा चष्मा दुरुस्तीला गेला होता. त्यांनी वही दयानंदच्या हातात दिली. त्याने उभ्याने, काठीला टेकून वाचायला सुरुवात केली. कोणाच्या सुनेचं बाळंतपण, कोणाची नोकरी. पुढची ओळ त्याने अर्धी वाचली आणि थांबला.

चार मे. दयानंद इथेच राहो. चार मे.

"कोणी मागितलं हे?"

"सगळ्यांनी," ठकुबाई म्हणाल्या. "तू खुर्च्या उचलत होतास. तू गेलास की हा हॉल जातो, बाळा. मग आम्ही कुठे जमायचं? कन्नड उपासनेत बसायचं नि अर्धं समजायचं?"

"मग रोज मागताय?"

"छे. एकदाच. तूच तर शिकवलंस."

त्याने वही मिटली. घरी बायकोपोर वाट बघतात, पुढच्या आठवड्यात प्रियदर्शनीला एकटीला घर बदलायचं आहे, हे त्याने शांतपणे सांगितलं. "आता उलट मागा. मी जावं म्हणून मागा."

"देवाकडे काय हापिसातला अर्ज आहे का, भाऊ, मागे घ्यायला?" सूर्यकांत म्हणाला, पण या वेळी कोणी हसलं नाही.

ठकुबाई गुडघे टेकून बसल्या. त्यांनी डोळे मिटले. "हे स्वर्गीय पित्या, हा दयानंद..." ओठ हलत राहिले. "...हा दयानंद तू आम्हाला दिलास, म्हणून आभार."

त्यांनी डोळे उघडले. पुन्हा मिटले. पुन्हा तेच आलं, तसंच, त्याच चालीत. तिसऱ्या वेळी त्यांनी तोंडावर पदर धरला.

"स्वल्प थांब," त्या म्हणाल्या. "मी घरी बसून बघते. निवांत."

सोमवारी सकाळी आठला दयानंदने गाडी ठरवली. ड्रायव्हर बसवंत निपाणीचा निघाला, मराठी बोलणारा. "सर, निपाणीत घरी चहा घेऊ. मग मिरज किती लांब," तो म्हणाला. दयानंद मागच्या सीटवर पाय लांब करून बसला. त्याने प्रियदर्शनीला कळवलं: निघालो.

ढगाळ होतं. बाहेरचा वळणरस्ता धरून ते हेब्बाळपर्यंत आले. उजव्या हाताला तळं दिसलं, कडेला पांढरे पक्षी. दयानंदने मनात हिशेब केला: दुपारी हुबळी, संध्याकाळी निपाणी. त्याला बऱ्याच दिवसांनी भूक लागली. पिशवीतली बिस्किटं काढायला तो वाकला.

वर पाहिलं तर तळं डाव्या हाताला होतं.

"बसवंत, कुठे चाललोय?"

"मागे, सर. के. आर. पुरमला."

"का?"

बसवंतने आरशात पाहिलं. "तुम्हीच म्हणालात, गाडी वळव."

"मी काही बोललो नाही."

"काही राहिलं असेल घरी, असं वाटलं मला."

दयानंदने त्याला वळायला सांगितलं. बसवंत वळला. या वेळी दयानंदने खिडकीचा दांडा धरला, दात आवळले, आणि समोरच्या रस्त्यावरून नजर हलवली नाही. पूल आला. पुलावर चढताना त्याला कोणाचा तरी आवाज ऐकू आला, शांत, नेहमीच्या बोलण्यातला. "गाडी वळव, बसवंत."

तो आवाज त्याच्या तोंडातून येत होता.

बसवंतने गाडी कडेला घेतली. त्याने मागे वळून पाहिलं नाही. "सर, तुमचं काही दुखतंय का? दवाखान्यात नेऊ?"

दयानंदला म्हणायचं होतं, माझं ऐकू नकोस, मी काहीही म्हटलं तरी पुढे चल. त्याने शब्द नीट जुळवले. तोंड उघडलं.

"वळव," तो म्हणाला.

साडेबाराला तो हॉलपाशी उतरला. बसवंतने पैसे घेताना नजर वर केली नाही.

खोलीचं दार उघडं होतं. ठकुबाई खाटेच्या कडेवर बसल्या होत्या, मांडीवर वही. त्यांचे डोळे सुजले होते.

"पहाटेपासून बसले होते," त्या म्हणाल्या. "तुझ्या जाण्याचं मागायला. देवाशपथ सांगते, तेच मागायला बसले होते. तोंडातून भलतंच निघालं."

"काय निघालं?"

त्यांनी वही पुढे केली. शाई ताजी होती. नियमाप्रमाणे तिन्ही रकाने भरले होते.

तीस जून. प्रियदर्शनी आणि भव्या इथे येवोत. तीस जून.

"लिहायचं नव्हतं," दयानंद म्हणाला.

"हात थांबेना, बाळा."

फोन वाजला. प्रियदर्शनी होती. मागे गाड्यांचा गोंगाट होता आणि कोणीतरी गावांची नावं पुकारत होतं.

"अहो, तुम्ही कुठवर आलात? ऐका, मी जरा विचित्रच केलं. सकाळी भव्याच्या शाळेत गेले आणि दाखला काढून आणला. का काढला, ते मलाच सांगता येत नाही. आता स्टँडवर उभी आहे. बॅगा पण आहेत. मला भीती वाटते हो. तुम्ही सांगा, मी घरी जाऊ का परत?"

ठकुबाईंनी त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. त्या मान हलवत होत्या, नको, नको.

घरी जा, दयानंदने मनात म्हटलं. एकेक अक्षर सुटं करून म्हटलं. मग तोंड उघडलं.

"भव्याला खिडकीजवळ बसव," तो म्हणाला. "खाट एकच आहे, पण दुसरी आणू."